उजेड पत्र्यातून येतो

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘जपानी मेझोटिंटमधली शांत छपरं आणि भिंती’. मेझोटिंट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर काळ्यातून उजेड काढत छापलेलं चित्र. छपरांकडे येतोच, पण माझी वाट एका सोया सॉसच्या कारखान्यावरून जाते.

हामागुची हे जपानमधल्या वाकायामाकडचं घराणं. ‘यामासा’ सोया सॉस त्यांचा, धंदा १६४५ पासूनचा. १८५४ साली मोठा भूकंप झाला, समुद्र गावात घुसला, अंधार पडला. उंचावर जायची वाट लोकांना दिसेना. तेव्हा या घरातल्या हामागुची गोर्यो यांनी भाताच्या गंजी पेटवल्या आणि त्या उजेडाच्या रोखानं माणसं वर आली. ५ नोव्हेंबरला जगभर त्सुनामी जागृती दिन पाळतात, तो यांच्यामुळे. गंजी पेटवणं म्हणजे काय हो! शेतकऱ्याच्या घरातल्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच घराण्यात १९०९ साली योझो हामागुची जन्मले. टोकियोत शिल्पकला शिकायला गेले, ती अर्धवट सोडून १९३० साली पॅरिसला. घरी काय बोलणी झाली असतील, हे ज्यांचं पिढीजात दुकान आहे त्यांनी चहाच्या वेळी मला सांगावं. पुढे ब्राझीलमध्ये दर दोन वर्षांनी भरणाऱ्या साओ पाउलोच्या कलाप्रदर्शनात, १९५७ साली, मुद्राचित्रांचं म्हणजे छापील चित्रांचं मोठं पारितोषिक त्यांना मिळालं. गंजींची गोष्ट मनात ठेवून ते काम करत होते, असा माझा दावा नाही. पण अंधारात उजेड करणाऱ्या घरातला मुलगा नेमका मेझोटिंटकडे वळावा, याचा मला फार आनंद होतो.

आता माझी तक्रार. ही चित्रं दाखवली की कुणीतरी म्हणतंच, “झेन आहे!” म्हणजे जपानी बौद्ध ध्यानपंथातली शांतता. एका प्रदर्शनात तर भिंतीवर तसा फलकच होता. अहो, हे तंत्र १६४२ साली लुडविग फॉन झीगेन या जर्मन माणसानं काढलं. छायाचित्रण आल्यावर ते मागे पडलं. त्याला पुन्हा उभं केलं कियोशी हासेगावा यांनी. तेही पॅरिसमध्ये, १९२० च्या दशकात. योकोहामाचा हा माणूस १९१८ साली निघाला तो पुन्हा जपानला परतलाच नाही. त्यांच्या १९३० च्या मेझोटिंटमध्ये पूल आहे पॅरिसचा अलेक्झांडर तिसरा, वर तरंगणारं फ्रेंच एअरशिप, लांबट फुग्यासारखं. झेन कुठून आणता?

पाच मिनिटंच राहिलीत म्हणतात, तर मुद्दा पटकन सांगतो. शांतता पत्र्यातून येते. रॉकर म्हणजे वक्र धारेचं दातेरी हत्यार, तो तांब्यावर सगळ्या दिशांनी डोलवायचा, दिवसचे दिवस. तांब्याची बारीक कुसळं उभी राहतात, शाई धरतात. तसाच छापला तर कागद निव्वळ काळा. मग जिथं उजेड हवा तिथं कुसळं खरवडायची, घोटायची. रेघ मारायचीच नाही. भिंतीची कड म्हणजे दोन काळेपणांची गाठ. रेघ डोळ्याला पळवते, इथं पळवायला कुणी नाही. म्हणून हामागुचींच्या १९५६ च्या ‘पॅरिसची छपरं’मध्ये शहर असूनही गडबड नाही. त्यांच्या रंगांनाही पिवळा, लाल, निळा, काळा असे चार पत्रे लागत. आज कात्सुनोरी हामानिशी त्याच काळ्याशेजारी सोन्याचा वर्ख लावतात, तरी चित्र ओरडत नाही.

टेबलावर एक रॉकर फिरवलेला पत्रा ठेवलाय. जवळून बघा, पण बोट फिरवू नका, कुसळं दबतात.