कर्नलसाहेबांचा खडू

बसा बसा, पुढं या, मागं फॅन नाहीत. कर्नलसाहेबांनी मला आधीच दम दिलाय की जास्त बोलू नको, पण शाल-श्रीफळ देऊन फोटोच काढायचा होता तर मला माइक कशाला दिला?

सोलापुरात मिलिटरी आणि डॉक्टर म्हणलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीसच आठवतात, 1938 ला युद्धातल्या जखमींसाठी चीनला गेले, 1942 ला तिथंच वारले, वय बत्तीस. आपले साहेब उलटे, नोकरी सगळी बाहेर केली आणि पेन्शन घेऊन पूर्व भागात घरी आले. 26 एप्रिल 2021 ला तेव्हाचे संरक्षणदल प्रमुख जनरल रावत यांनी पंतप्रधानांना सांगितलं की मागच्या दोन वर्षांत रिटायर झालेल्या मिलिटरी डॉक्टरांना घराजवळच्या कोविड सेंटरला परत बोलावतोय, त्याआधी रिटायर झालेल्यांना विनंती एवढीच की फोनवर सल्ला द्या. साहेब या दुसऱ्या गटातले. म्हणजे घरी खुर्चीत बसून फोन उचलला असता तरी कुणी काही म्हणलं नसतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सेंटरच्या दारात उभे, आणि आम्ही पोरं अजून चहा पित होतो.

आल्या आल्या त्यांनी पेशंट नाही बघितले, सिलिंडर बघितले. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर ऑक्सिजन, पेशंटला मिनिटाला 10 लिटर लागला तर 700 मिनिटं, म्हणजे साडेअकरा तास, 15 लागला तर जेमतेम पावणेआठ. हे गणित आमच्याकडून पाठ करून घेतलं आणि प्रत्येक सिलिंडरवर खडूनं वेळ लिहायला लावली, संपायची नाही, बदलायची, ती तासभर आधीची. त्यानंतर आमच्याकडं रात्री धावपळ झाली नाही. मला विचाराल तर सत्कार या खडूचाच आहे.

बाहेर नातेवाईक रेमडेसिवीर इंजेक्शनसाठी चिठ्ठ्या घेऊन पळायलेत, आणि साहेब म्हणायचे, डब्ल्यूएचओनं नोव्हेंबर 2020 मध्येच ते देऊ नका म्हणलंय, पैसे ठेवा, आजीला पालथं झोपवा. पाठीकडचं फुफ्फुस मोकळं होतं त्यानं. आमच्या विडी वळणाऱ्या मावश्यांना मराठी कळतं, पण मास्क लावल्यावर भीतीनं काहीच कळत नाही, तर साहेब पीपीई किटमध्ये, एवढ्या उन्हाळ्यात, कानाशी वाकून, त्यांच्या तेलुगूत, "बोर्ला पडुको अम्मा," म्हणजे पालथी झोप आई. ऐकायच्या बरं का, ऑक्सिमीटरवर आकडा वर सरकायला लागला की मावशी माझ्याकडं बघून डोळे मोठे करायची.

सेंटर बंद झालं तरी साहेबांची वही चालूच. ज्यांना स्टिरॉइड दिलं त्यांना शुगर वाढते, वर काळ्या बुरशीची भीती, म्हणून एकेकाला फोन. विडी घरकुल वसाहतीतली एक मावशी तर अजून शिव्या घालती, जीव वाचवला म्हणे आणि चहातली साखर घेऊन गेला. ती आलीय आज, तिकडं तिसऱ्या रांगेत, हात वर करा मावशी.