डब्याच्या झाकणावरचा पेशन्स

नमस्कार श्रोतेहो! आज मी तुम्हाला एक खेळ सांगणार आहे, एकट्याने खेळायचा, थोड्या वेळात निकाल लागणारा, आणि तो मी रोज संध्याकाळी वाशी-ठाणे लोकलमध्ये डब्याचं झाकण मांडीवर उलटं ठेवून खेळते. हो, स्टीलचंच झाकण, कडा वर असते ना त्याची, त्यामुळे तुर्भ्याच्या आसपास गाडीने हिसका दिला तरी काही घरंगळत नाही.

लहानपणी आजोबा दुपारी पत्त्यांचा पेशन्स लावायचे, आठवतं का तुमच्याकडे कोणी? "लागला का हो?" असं आजी आतून विचारायची आणि आजोबा फक्त हूं करायचे. तर हा तसाच पेशन्स, पण पत्त्यांऐवजी प्लास्टिकचे पिरॅमिड. चौकोनी तळ, वर टोक, आणि आतून पोकळ. माझ्या भावाने अमेरिकेहून सेट आणला होता, पंधरा पिरॅमिडांचा, लाल पिवळा हिरवा निळा काळा असे पाच रंग आणि प्रत्येक रंगात मोठा, मधला, छोटा. सोबत एक फासाही होता, तो पहिल्याच आठवड्यात सोफ्याच्या फटीत गेला तो गेलाच.

हे पिरॅमिड काढले अँड्र्यू लूनी आणि जॉन कूपर या दोघांनी, 1980 च्या दशकात. लूनींनी एक गोष्ट लिहिली होती, तिच्यातली माणसं आइसहाऊस नावाचा खेळ खेळत होती, म्हणजे खेळ आधी कागदावर आला आणि मग खरोखरचा बनवावा लागला! त्या मूळ खेळात पाळीच नव्हती, सगळ्यांनी एकदम हात चालवायचे. पुढे अँड्र्यू आणि त्यांची बायको क्रिस्टिन यांनी कंपनी काढली, त्याआधी दोघंही नासात कामाला होते बरं का. 2016 मध्ये त्यांनी मोठा डबा काढला, 90 पिरॅमिड आणि 22 खेळ. माझ्याकडे तो नाहीये, पंधरावरच भागवते.

तर आता माझा खेळ. हा कुठल्या पुस्तिकेतला नाही, गाडीत बसून बसून जुळवलेला आहे. पंधराही पिरॅमिड बटव्यात टाकायचे, झाकणावर जागा फक्त तीन, चौथी मागायची नाही. एकेक काढायचा आणि लगेच ठेवायचा. मोठा, मधला, छोटा असे तिन्ही एका मनोऱ्यात हवेत आणि तिघांचे रंग वेगळे हवेत. मनोरा पूर्ण झाला की उचलून बाजूला आणि जागा मोकळी. पाचही मनोरे झाले की पेशन्स लागला, हातातला कुठेच बसेना की संपलं.

आणि क्रम काहीही चालतो, हीच तर गंमत आहे, कारण पिरॅमिड पोकळ. छोटा मोठ्याच्या टोकावर टोपीसारखा बसतो, आणि छोटा आधी आला असेल तर मोठा त्याच्यावर पालथ्या वाटीसारखा घालायचा, छोटा आत गडप. चार रंग पारदर्शक आहेत त्यामुळे आतलं दिसतं, म्हणजे अर्धवट दिसतं, पिवळ्याच्या आत निळा गेला की बाहेरून चक्क हिरवट भासतो आणि मी अजूनही फसते. काळ्याच्या आत मात्र काही म्हणजे काही दिसत नाही. उचलून बघायचं नाही, लक्षात ठेवायचं.

एक अडचण होती. बटव्यात हात घातला की बोटांना साइज कळतेच, छोटा जेमतेम एक इंच, मोठा पावणेदोन इंच, कसं न कळेल? आधी मी स्वतःला सांगायचे की पहिला लागेल तोच घ्यायचा, पण बोटं कुठे ऐकतात हो, छोटा हवा असला की बरोबर छोटाच "पहिला" लागायचा! शेवटी वैतागून नियमच बदलला. साइज आपल्या मर्जीची, रंग नशिबाचा. आणि खेळ एकदम सुधारला, कारण आता हरलं तर बटव्याला दोष देता येत नाही.

परवाचं सांगते. शेजारी एक मावशी होत्या, सानपाड्याला चढलेल्या, मला वाटलं डोळा लागलाय त्यांचा. मधेच म्हणाल्या, "मोदकाचे साचे का गं हे?" मी म्हटलं नाही मावशी, खेळ आहे, आणि खेळत राहिले. ऐरोली गेलं तेव्हा तीन मनोरे बाजूला, आणि झाकणावर दोन अर्धे, एक पिवळ्या मोठ्यावर लाल मधला, दुसरा हिरव्या मोठ्यावर काळा मधला. बटव्यात दोन छोटे. एक काढला, निळा. तो दोन्हीकडे चालतो! पण शेवटचा जर पिवळा असेल तर निळा पहिल्यावर हवा, हिरवा असेल तर दुसऱ्यावर. लाल आणि काळा छोटे बाजूला समोर दिसत होते, म्हणजे सगळं अडलं होतं एका गोष्टीवर, त्या काळ्या मोठ्याच्या आत मी मघाशी कोणता छोटा कोंडला होता, पिवळा की हिरवा? डोकं ब्लँक. दिघा गाव आलं, गेलं, मी आपली निळा पिरॅमिड चिमटीत धरून बसलेली.

"पिवळी आहे गं आत," मावशी म्हणाल्या. "घणसोलीच्या आधी झाकलीस की."

मी निळा दुसऱ्यावर ठेवला, बटव्यात हात घातला. हिरवा.

मावशींनी बघितलंसुद्धा नाही, पिशवी सावरून उठल्या, ठाणे येत होतं. दाराकडे सरकताना एवढंच म्हणाल्या, "उद्या झाकण जरा माझ्या बाजूला धर, मान अवघडली माझी."