सोडवा मला

श्रोतेहो, नमस्कार. दयामरणाचा विषय निघाला की मुंबईकरांच्या ओठी परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील, १९७३ मधील हल्ल्यानंतर अचेत पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचे नाव येते; परंतु परिचारिकांना शिकवताना मी त्या खटल्याचा निकाल विचारला, की वर्गातून बहुधा 'न्यायालयाने मरणाची परवानगी दिली' असेच उत्तर येई. तसे घडलेले नाही. १९७३ पासून त्यांची शुश्रूषा करणाऱ्या के.ई.एम.च्या परिचारिकांचा विरोध मानून सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांच्यासाठी दयामरण मागणारी याचिका फेटाळली. पुन्हा सांगते, फेटाळली. रुग्णाला जगवून ठेवणारा कृत्रिम आधार काढून घेण्याचा मार्ग मात्र त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या संमतीच्या अटीवर, खुला केला.

एका पालिका रुग्णालयात मी रात्रपाळीवर होते. नाकातून नळी घातलेले एक निवृत्त गिरणी कामगार आजोबा संध्याकाळपासून 'सोडवा मला, सिस्टर, सोडवा' एवढेच पुटपुटत होते. नुकतीच रुजू झालेली एक मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली; रिपोर्ट बुकात तिने 'रुग्ण दयामरणाची मागणी करीत आहे' असे सुवाच्य अक्षरात लिहूनही ठेवले होते. (आमची अर्धी रजिस्टरे बंद केली तर रुग्णांचे काहीही बिघडणार नाही, हे माझे जुने मत आहे.) मी आजोबांच्या तोंडाशी कान नेला आणि विचारले, 'कशातून सोडवू, बाबा?' त्यांनी डोळ्यांनी खाली खूण केली. नळी उपसू नये म्हणून त्यांची मनगटे बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधली होती, आणि उजवी गाठ इतकी आवळली गेली होती की बोटे सुजली होती. पट्टी सोडताच आजोबांनी आधी मनसोक्त नाक खाजवले, मग आम्हा दोघींना गिरणीतल्या दोन शिव्या हासडल्या.

प्रत्येक 'सोडवा' इतका सोपा नसतो. इंजेक्शन देऊन मरण आणणे आजही गुन्हाच आहे. आधार काढणे निराळे, आणि २०१८ पासून त्याबाबतची इच्छा आधीच लिहून ठेवता येते. जगण्याला कंटाळलेल्या रुग्णाला मात्र आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरते. तरीही विष घेऊन दाखल झालेल्या मुलीला वॉर्डात 'ती पॉयझनवाली' म्हणतात. कित्येक वर्षे मीही म्हणत होते.