नाण्यावरची दुर्गावती: पेन्सिलीपुढचा पेच

मित्रहो, ५ ऑक्टोबर २०२३ रोजी जबलपूर येथे राणी दुर्गावतीच्या पाचशेव्या जन्मवर्षानिमित्त स्मारक नाणे आणि टपाल तिकीट प्रकाशित झाले, तेव्हा चित्रकलेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न आला तो चेहऱ्याचा. कालिंजरच्या चंदेल घराण्यात जन्मलेल्या आणि गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यात सून म्हणून आलेल्या या राणीचे, तिच्या हयातीतले असे खात्रीने म्हणता येईल असे चित्र आपल्यापाशी नाही. तिचे सासरे संग्रामशाह यांची सोन्याची नाणी मिळाली आहेत, पण त्यांवर लेख आहे, मुखवटा नाही. म्हणजे रेखाटन करणाऱ्याला आधार उरतो तो शब्दांचा, आणि गंमत अशी की त्यातले सर्वांत ठसठशीत शब्द शत्रुपक्षाच्या दरबारातून आलेले आहेत.

अकबराच्या दरबारातला इतिहासकार अबुल फजल याने ‘अकबरनाम्या’त तिच्या अखेरच्या लढाईचे वर्णन केले आहे. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान याची फौज चालून आली, त्या वेळी अबुल फजल तेरा वर्षांचा होता. त्याने लिहिले ते पुढे ऐकीव माहितीवरून. तरीही तपशील पाहा. राणी सरमन नावाच्या हत्तीवर स्वार होती. मुलगा वीरनारायण जखमी झाल्यावर तिने त्याला सुरक्षित जागी पाठवले. तिच्या उजव्या कानशिलात बाण घुसला, तो तिने उपसून फेकला, परंतु त्याचे टोक आतच राहिले. दुसरा बाण मानेत लागला, तोही तिने काढला आणि वेदनेने तिची शुद्ध हरपली. भानावर आल्यावर हत्तीवर पुढे बसलेल्या आधार नावाच्या माणसाला तिने आपला अंत करण्यास सांगितले. त्याचा हात धजावला नाही, तेव्हा तिने स्वतःच कट्यार चालवली. नाकडोळे कसे होते, याबद्दल यातून चित्रकाराच्या हाती काहीच लागत नाही, हात मात्र तीन वेळा दिसतो.

आता पेन्सिल आणि धातू यांच्यातला झगडा लक्षात घ्या. पेन्सिलीचे सारे सामर्थ्य करड्या छटांमध्ये असते. गालाखालची सावली आपण शिसाच्या तिरक्या घासण्याने आणतो. नाण्यावर छटा नसते, असतो तो केवळ उठाव, म्हणजे पृष्ठभागाचा उंचसखलपणा, आणि सावली पाडायची ती उजेडाने. म्हणून रेखाटनातली प्रत्येक छटा मातीच्या किंवा प्लास्टरच्या मोठ्या नमुन्यात, अथवा आजकाल संगणकावर, उंचीत बदलावी लागते आणि मग तो नमुना लहान करून ठसा बनतो. मापाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, त्याच वर्षी निघालेल्या नव्या संसद भवनाच्या ७५ रुपयांच्या नाण्याचा व्यास ४४ मिलिमीटर होता. एवढ्या वर्तुळात लेखन, सन आणि किनार वजा जाता चेहऱ्याला अंगठ्याच्या पेराएवढी जागा उरते. सुट्या केसांच्या रेषा तिथे टिकत नाहीत, त्यांचे दोन-चार जाड पुंजके करावे लागतात. समोरून काढलेले नाक उथळ उठावात चपटे होते. टांकसाळींनी पूर्वीपासून बाजूचा चेहरा पसंत केला, त्यामागे हेही एक साधे कारण आहे.

मी स्वतः तीन रेखाटने करून पाहिली. पहिल्यात मुकुट, कर्णफुले, करारी डोळे असे सगळे आले आणि ती कुठल्याही कॅलेंडरवरची कोणतीही राणी झाली. दुसऱ्यात सरमनला आणले. कागदावर तो डौलदार वाटला, परंतु ४४ मिलिमीटरच्या वर्तुळात राणी तांदळाच्या दाण्याएवढी उरली. तिसऱ्यात तिचा चेहरा पाहणाऱ्याच्या उजवीकडे वळवला, कारण त्यामुळेच तिचे उजवे कानशील आपल्याकडे येते. मुकुट काढून टाकला, डोळे जवळजवळ मिटलेले ठेवले आणि बाण उपसणारी मूठ गालापेक्षा उंच उठावाची धरली. नाणे हाताळले गेले तर सर्वांत आधी ती मूठच झिजेल, हे मला माहीत आहे, तरी ती मी खाली घेतलेली नाही.