स्पॅनिश रेड वाइन: बाटली फिरवून मागचं लेबल वाचा

नमस्कार मंडळी. स्पॅनिश रेड घ्यायला गेलं की आपण पुढचं लेबल बघतो, त्यावर कुणा मार्केसचं, म्हणजे स्पॅनिश सरदाराचं, नाव, एक साल, द्राक्षाचं नाव बरेचदा नसतंच, मग शेवटी किंमत बघून बाटली उचलतो. मी म्हणतो ती बाटली फिरवा. रिओहाची, म्हणजे उत्तर स्पेनमधल्या त्या नावाजलेल्या वाइनच्या भागातली, असेल तर मागे एक छोटी पट्टी असते, लाल असेल तर क्रियान्सा, मरून असेल तर रेसेर्वा, निळी म्हणजे ग्रान रेसेर्वा, आणि हिरवी असेल तर किती मुरवायची ते वायनरीने स्वतःच्या मनाने ठरवलंय.

हे नुसतं मार्केटिंग नाही, नियम आहे. रिओहाची रेड क्रियान्सा म्हणजे दोन वर्षं, त्यातलं किमान एक ओकच्या पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं. ग्रान रेसेर्वा पाच वर्षं, त्यातली किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. मला स्पेनचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं, बाकी देशांत बरेचदा महागडी वाइन घेऊन आपणच घरी वर्षानुवर्षं सांभाळायची, इथे ते थांबायचं काम बोदेगा, म्हणजे वायनरी, स्वतःच्या तळघरात स्वतःच्या पैशाने करते आणि पिण्याजोगी झाली की मगच विकते. रिबेरा देल दुएरो या दुसऱ्या भागातली वेगा सिसिलिया ही बोदेगा त्यांची ऊनिको नावाची वाइन साधारण दहा वर्षांनी बाजारात आणते, विचार करा किती भांडवल अडकून पडत असेल!

ही पिंपांची पद्धत आली फ्रान्समधून. 1850-60 च्या सुमाराला मुरिएता आणि रिस्काल या दोन मार्केसनी बोर्डोची रीत रिओहात आणली, 225 लिटरची पिंपं. पुढे फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड पडली, बागाच्या बागा गेल्या, आणि बोर्डोचे व्यापारी वाइन शोधत रिओहाला यायला लागले. आरो गावात रेल्वे स्टेशनच्या आजूबाजूला बोदेगा उभ्या राहिल्या त्या याच काळात, लोपेझ दे एरेदिया 1877 ची, आजही तिथेच आहे. फक्त इथे ओक बहुतेक अमेरिकन वापरला गेला, म्हणून जुन्या वळणाच्या रिओहाला व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास येतो. ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर धरा, कडेला रंग विटकरी झालेला दिसेल, तो वयाचा रंग.

आता द्राक्ष. टेम्प्रानियो. रिओहात उत्तरेला सिएर्रा दे कांताब्रियाचे डोंगर आहेत, अटलांटिककडचं गार वारं ते अडवतात, त्यामुळे वाइन मवाळ, लाल चेरीसारखी. तेच द्राक्ष दुएरो नदीकाठी रिबेरात लावा, 750 ते 1000 मीटर उंचीवर, दिवसा रणरणतं ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, तिथे ते जाड सालीचं होतं, रंग काळपट, चव करकरीत. पश्चिमेला तोरोमध्ये आणखी दणकट. तोरोच्या वाळूत ती फिलॉक्सेराची कीड फारशी टिकली नाही, म्हणून स्वतःच्या मुळांवरचे जुने वेल तिथे अजून आहेत. आपल्याकडे नाशिकला द्राक्षवाले रूटस्टॉकवर, म्हणजे दुसऱ्या वेलाच्या मुळांवर, कलम करतात, त्यांना याचं महत्त्व लगेच कळेल.

प्रिओरातचं मात्र सगळंच वेगळं. कॅटालोनियातल्या उभ्या डोंगरउतारावर, 12 व्या शतकात कार्थुसियन साधूंनी मठ बांधला तो भाग, माती जवळजवळ नाहीच, काळ्या पाटीच्या दगडाचा चुरा, त्याला यिकोरेया म्हणतात. गार्नाचा आणि कारिन्येना या द्राक्षांचे जुने वेल फटींतून खोल मुळं सोडतात आणि एका वेलाला द्राक्षं येतात अगदी मोजकी. लोक गाव सोडून चालले होते, 1989 मध्ये रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस वगैरे मंडळींनी ग्राताय्योप्स गावात एकत्र वाइन बनवली आणि सगळं पालटलं. रिओहाबरोबरचा सर्वोच्च दर्जा स्पेनमध्ये फक्त याच एका भागाला आहे. महाग असते, पण त्या उतारावर हाताने तोडणी करायची म्हटल्यावर ती किंमत मला रास्त वाटते.

स्वस्तात चांगलं हवं असेल तर दक्षिणेकडची हुमिया, द्राक्ष मोनास्त्रेल, दाट आणि मटणाबरोबर झकास. हलकी आवडत असेल तर वायव्येकडच्या बिएर्सोची मेन्सिया. आणि ग्रान रेसेर्वा म्हणजे सगळ्यात भारी असं धरून चालू नका, ती फक्त जास्त मुरलेली असते, ताज्या फळाची चव आवडणाऱ्याला क्रियान्साच जास्त आवडेल आणि पैसेही वाचतील.

एक शेवटचं, रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची असं सांगतात ते युरोपातल्या रूमचं, 16 ते 18 डिग्री. आपल्याकडे उन्हाळ्यात 35 डिग्रीला नुसता अल्कोहोलच नाकात जातो. उघडण्याआधी बाटली फ्रीजमध्ये ठेवून गार करा, आणि उरली तर बूच लावून परत फ्रीजमध्येच, दोन-तीन दिवसांत संपवा.