खटका मोडचा, काम शॉकअपचं

श्रोतेहो, नमस्कार.

हल्लीच्या नव्या गाडीत गिअरच्या दांडीजवळ एक गोल खटका असतो. इको, सिटी, स्पोर्ट. शोरूममध्ये तो फिरवून दाखवतात, मीटरचा रंग निळ्याचा लाल होतो, आणि गाडी बघायला आलेल्या सगळ्या घराचा समज होतो की स्पोर्टला गाडी खालून कडक होते आणि इकोला मऊ. म्हणून आधी हेच सांगतो. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत हा खटका सस्पेन्शनला, म्हणजे चाकं आणि गाडीचं धूड यांच्यामधल्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडणीला, हातसुद्धा लावत नाही. पुन्हा सांगतो, मोड बदलला म्हणजे सस्पेन्शन बदललं, असं नाही.

मग बदलतं काय? ॲक्सिलरेटर आता केबलने इंजिनाला जोडलेला नसतो. तुमचा पाय किती दाबला गेला एवढंच पेडल संगणकाला कळवतं, आणि त्यावर इंजिनाला किती द्यायचं ते संगणक ठरवतो. इकोमध्ये तेवढ्याच दाबाला कमी देतो, स्पोर्टमध्ये जास्त. ऑटोमॅटिक गाडी असेल तर इकोला वरचा गिअर लवकर पडतो, स्पोर्टला खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवला जातो. काही गाड्यांत स्टिअरिंग जड होतं. इंजिनाची पूर्ण ताकद बहुतेक वेळा तीच राहते, काही गाड्यांत मात्र इकोला टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोरही, आवरता घेतात. म्हणून तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने चढताना, किंवा उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडताना, इको ठेवू नका. पाय दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करत बसते, आणि समोरून येणारा ट्रक तेवढा वेळ देत नाही.

बऱ्याच गाड्यांत इको मोड एसीचा कॉम्प्रेसरही कमी चालवतो. सोलापूरचा मे महिना, पारा बेचाळीसच्या वर. मग लोक काय करतात, इको ठेवतात आणि एसी सोळावर नेऊन पंखा पूर्ण सोडतात. त्यात बचत कसली? त्यापेक्षा पहिली दोन मिनिटं काचा खाली करून गरम हवा बाहेर काढा, मग हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण लावा, एसी चोवीसवर ठेवा आणि नॉर्मल मोडमध्ये चला.

आता सस्पेन्शन. स्प्रिंग गाडीचं वजन तोलते. शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे आपला शॉकअप, वजन तोलत नाही. स्प्रिंगची उसळी तो जिरवतो. गाडीचं धूड सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा खाली-वर होतं. चाक मात्र खड्ड्यात सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरतं. धुडाला आवरायला शॉकअप कडक हवा, चाकाला सोडायला मऊ हवा. सगळा पेच इथं आहे.

आणि आपल्या जिल्ह्यात हे दोन्ही एकाच प्रवासात भेटतं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्या काळ्या मातीत पिकते, ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-चार वर्षांत लाटांसारखा होतो. खड्डा दिसत नाही, पण ऐंशीच्या वेगाला गाडी होडीसारखी डोलते. तिथं कडक शॉकअप हवा. आणि गावात शिरलं की गतिरोधक. गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे. प्रत्यक्षात गल्लीच्या तोंडाशी हातभर रुंदीचा डांबराचा उंचवटा केलेला असतो, ना पांढरे पट्टे, ना फलक. अशा उंचवट्याने शॉकअप फुटतात, मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या कमरा जातात. हे उंचवटे काढून नीट मापाचे गतिरोधक करायला हवेत. ज्याने त्याने आपल्या दारापुढे डांबर ओतायचं, याला रस्तासुरक्षा म्हणत नाहीत.

हा पेच सोडवायला निघालेली एक गाडी फ्रान्समध्ये १९५५ सालीच रस्त्यावर आली होती. तिची हकिगत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

सीट्रोएन कंपनीत पॉल माजेस नावाचा तंत्रज्ञ होता. अभियांत्रिकीची पदवी नव्हती; तरुणपणी कंपनीत लागला आणि काम करत करत शिकला. त्याने लोखंडी स्प्रिंगच काढून टाकली. प्रत्येक चाकाला नारळाएवढा एक लोखंडी गोळा दिला. गोळ्याच्या आत मधोमध रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूला तेल. चाक वर आलं की तेल त्या वायूला दाबतं, म्हणजे स्प्रिंगचं काम वायूने केलं. आणि तेल ज्या वाटेने आत-बाहेर होतं तिथं बारीक झडपा, त्या झाल्या शॉकअप.

नायट्रोजनवरून आठवलं. टायरमध्ये नायट्रोजन भरायचे जादा पैसे मोजण्याची काही गरज नाही. आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा साधी हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना तपासा. दुपारी होटगी रोडवरून तापून आलेल्या टायरचं माप खोटं असतं.

तर, त्या गाडीचं नाव डीएस. पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात ती मांडली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२ हजार मागण्या नोंदल्या गेल्या. इंजिनावर चालणारा पंप तेलाचा दाब तयार करायचा. इंजिन बंद करून ठेवली की गाडी हळूहळू जमिनीलगत बसायची, सुरू केली की उठून उभी राहायची. मागे माणसं बसली, सामान चढलं, की झडप आणखी तेल सोडायची आणि गाडी पुन्हा समतल. आपली सात जणांची गाडी बोजा भरून पंढरपूरला निघाली की बूड बसतं, नाक वर होतं आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डीएसचं बूड बसत नसे. उंची कमी-जास्त करायला चालकाजवळ एक दांडी होती. चाक बदलायचं तर गाडी पूर्ण वर घ्यायची, बाजूला टेकू लावायचा आणि दांडी खाली करायची. चाकं आपोआप वर उचलली जायची. मागचं एक चाक काढून तीन चाकांवरही ती चालवून दाखवत.

आता तारीख ऐका. २२ ऑगस्ट १९६२. फ्रान्सच्या ताब्यातला अल्जीरिया स्वतंत्र होऊन दीड-दोन महिने झालेले, आणि त्यावरून चिडलेला एक गट फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष चार्ल्स द गॉल यांच्या जिवावर उठलेला. संध्याकाळी पॅरिसच्या राष्ट्राध्यक्ष भवनातून काळी डीएस निघाली, विलाकुब्लेच्या विमानतळाकडे. मागच्या आसनावर द गॉल आणि त्यांच्या पत्नी इव्होन. पुढे जावई आलँ द बुआस्यू. स्टिअरिंगवर चालक फ्रान्सिस मारू. मोटार चिलखती नव्हती.

पेटी-क्लामार नावाच्या उपनगरात हल्लेखोर दबा धरून बसले होते. कटाचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी हा हवाई दलाचा अधिकारी, शस्त्रास्त्रांचा अभियंता. वर्तमानपत्र हलवून त्याने इशारा करायचा होता. पण अंधारून आलं होतं आणि इशारा वेळेवर दिसला नाही. गोळीबार सुरू झाला तोवर गाडी वेगात होती. शंभराहून जास्त गोळ्या सुटल्या. चौदा गाडीला लागल्या. मागची काच फुटली. दोन टायर फुटले.

आता कल्पना करा. ओला रस्ता, भरधाव वेग आणि दोन टायर बसलेले. साधी गाडी असती तर ज्या बाजूचा टायर गेला तिकडे ओढली गेली असती, चालकाने स्टिअरिंग उलट फिरवलं असतं आणि गाडी गरकन फिरली असती. मारूने ब्रेक मारला नाही. ॲक्सिलरेटर दाबून ठेवला. ती पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, म्हणजे पुढून ओढत होती; वायूच्या गोळ्यांवर उभी असलेली, चारी चाकं जमिनीला धरून. ती डगमगली, पण सरळ निघाली आणि विमानतळावर पोचली. आतल्या एकालाही गोळी लागली नाही. बास्तियाँ-तिरीला ११ मार्च १९६३ रोजी गोळ्या घालून देहदंड देण्यात आला.

गाडीनेच वाचवलं असं म्हणणं पुरेसं नाही. इशारा चुकला आणि मारूचा पाय डगमगला नाही, हेही तितकंच खरं. पण सस्पेन्शन हे फक्त गुबगुबीत बसण्यासाठी नसतं, चाक जमिनीला धरून ठेवण्यासाठी असतं, हे सांगायला याहून चांगला दाखला नाही. आणि ब्रेक न मारण्याचं मारूचं शहाणपण आजही जसंच्या तसं लागू आहे. वेगात टायर फुटला तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ब्रेक मारू नका, वेग आपोआप पडू द्या, मग कडेला घ्या.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून आजचं भरभर सांगतो. काही गाड्यांत, उदाहरणार्थ स्कॉर्पिओ-एनमध्ये, शॉकअपच्या आतच अशी झडप असते की जलद थरथरीला तेल सहज सोडते आणि संथ डोलण्याला अडवते. तिला तार नाही, बटण नाही. खरं ॲडाप्टिव्ह, म्हणजे रस्त्याप्रमाणे स्वतः बदलणारं सस्पेन्शन, यात शॉकअपवर विजेची झडप असते. चाकाजवळचे उंचीचे सेन्सर आणि बॉडीवरचे सेन्सर हालचाल मोजतात आणि झडप मिलिसेकंदांत कमी-जास्त उघडते. तिसऱ्या प्रकारात तेलातच लोखंडाचे बारीक कण असतात, चुंबक चालू झालं की ते तेल घट्ट होतं. आणि एअर सस्पेन्शन निराळं. त्यात हवेचे फुगे वजन तोलतात आणि उंची बदलते.

आपल्या गाडीत काय आहे हे कसं ओळखायचं? टॉर्च घेऊन चाकाच्या आत बघा. शॉकअपच्या नळीला विजेची तार जोडलेली दिसली तर ॲडाप्टिव्ह. पण नीट बघा, एबीएसची, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, तार चाकाच्या मधल्या हबकडे जाते, ती वेगळी. तरी खात्री नसेल तर एकच गतिरोधक ताशी वीसच्या वेगाने एकदा कम्फर्टमध्ये, म्हणजे मऊ मोडमध्ये, आणि एकदा स्पोर्टमध्ये ओलांडा. धक्का सारखाच असेल तर खटका सस्पेन्शनचा नाही.

खटका सस्पेन्शनचा असेल, तर तुटक्या रस्त्यावर कम्फर्ट. पुन्हा सांगतो, तुटक्या रस्त्यावर कम्फर्ट. कडक शॉकअपने चाक उड्या मारतं, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागत नाही. स्पोर्ट ठेवा काळ्या मातीच्या लाटांवर, वेगात.

बिघडतं काय? शॉकअपवर तेलाचा ओघळ आला की तो गेला. उंचीच्या सेन्सरची छोटी दांडी चिखल बसून वाळली की अडकते, मग मीटरवर इशारा येतो आणि गाडी बहुधा कडक होऊन बसते. आधी ती दांडी धुऊन बघा, मगच हजारोंच्या बिलाला होकार द्या. बदलायचे झाले तर एका ॲक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही शॉकअप एकदम बदला. ॲडाप्टिव्हच्या जागी साधा शॉकअप बसवला तर इशाऱ्याचा दिवा जाणार नाही. एअर सस्पेन्शनची गाडी रात्री उभी केली आणि सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली तर फुगा गळतो आहे. तशीच चालवत राहिलात तर गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो. आणि अशा गाडीचं पंक्चर काढताना जॅक लावण्याआधी जॅक मोड चालू करा, नाहीतर गाडी स्वतःची उंची सावरायला बघते आणि जॅकवरून घसरू शकते.