बाळाचं वजन विचारताना आधी आठवडे विचारा

मंडळी, बडोद्याच्या दांडिया बाजारातून लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या आजीच्या बॅगेत डिंक, मेथ्या, आळीव असतातच. मनात धास्तीही असते: तिथली बाळं साडेतीन किलोची, मग आपलं पावणेतीनचंच कसं?

याचं बरंचसं उत्तर पुण्याजवळच्या खेड्यांनी दिलं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांशी केली. सरासरी वजन २.७ किलो आणि ३.५ किलो. पण आपली बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोट फार कमी, पाठीवरची त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकलेली. म्हणून वरचं भरवून बाळ गुटगुटीत करण्याची घाई नको. त्यात चरबी वाढते आणि पुढे मधुमेहाचा धोका.

हे सगळं रक्तातच असतं, असंही नाही. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या जन्मनोंदींवरून १९९७ मध्ये दिसलं, की आफ्रिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय आयांची बाळं सरासरी ३३३३ ग्रॅमची, अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांची ३०८९ आणि गोऱ्या आयांची ३४४६. तिथे स्थलांतरित आईचं बाळ वजनदार. पण तिथल्या भारतीय आया बहुतेक शिकलेल्या, कमावत्या, तरी त्यांची बाळं हलकी. आईची उंची, दिवस जाण्याआधीचं वजन, तिचं स्वतःचं जन्मवजन यांचा त्यात वाटा असतो, आणि व्हिसा मिळाल्याने ते बदलत नाही.

फोनवर आधी आठवडे विचारा. पस्तिसाव्या आठवड्यातलं अडीच किलो छान, चाळिसाव्यातलं कमी. डॉक्टर वाढ कमी म्हणाले तर कुठला तक्ता वापरला ते विचारा. बाळांच्या वाढीचे तक्ते बनवणाऱ्या ‘इंटरग्रोथ’ या अनेक देशांतल्या अभ्यासात नागपूरही होतं. पण ‘आपल्याकडे असंच असतं’ म्हणून सोनोग्राफी मात्र टाळू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. खरंच खुंटलेली वाढ याच वाक्याखाली दडते.

गरोदरपणात लेकीचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली नको. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर नीट अंगी लागत नाही. शाकाहारी असेल तर बी-१२ तपासा. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत. ‘दोन जिवांचं खा’ म्हणून तूप-लाडू वाढवण्यापेक्षा पालेभाजी, फळं, दूध द्या. पुण्याच्या त्याच खेड्यांत हे जास्त खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती.

आणि पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच. बहुतेक बाळं दोन आठवड्यांत ते भरून काढतात. तेवढ्यासाठी मध किंवा गुटी चाटवू नका. मध तर वर्षभर नाहीच.